आधी घास, मग पंगत

या सदरातून आम्ही आजवर सणवारांविषयी, भाषेविषयी आणि सीमाभागातील मराठी शाळांच्या सुखदुःखांविषयी लिहीत आलो. यंदा दिवाळीच्या तोंडावर आम्ही कुत्र्याच्या ताटाविषयी लिहावयास बसलो आहोत, हे पाहून काही वाचक मनाशी हसतील. एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकास, त्यातून मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्यास, दुसरा विषय सुचला नाही काय, असेही कोणी म्हणेल. त्यांनी खुशाल हसावे; परंतु लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती. ज्या चुकीची किंमत आमच्या घराने मोजली, ती कोणा वाचकाच्या घरी मोजली जाऊ नये, इतकाच या लेखाचा हेतू आहे.

सांबरा हे आमचे गाव बेळगावच्या पूर्वेस दहाएक किलोमीटरांवर, बागलकोट रस्त्याला लागून आहे. बाहेरच्या लोकांस ते विमानतळामुळे आणि हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे ठाऊक असते. डोक्यावरून विमाने जातात, तरी खाली गाव ते गावच. सकाळी डेअरीला दूध घालावयास जाणारी माणसे, संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी माणसे, आणि प्रत्येक गल्लीचे आपले एक कुत्रे. आमच्या गल्लीचा मोत्या होता. त्याला कोणी पाळलेले नव्हते आणि कोणी टाकलेलेही नव्हते. एका पावसाळ्यात पिलू असताना तो आमच्या ओट्याशी येऊन बसला, आणि पुढे सात वर्षे तेथेच राहिला. आम्ही शाळेस निघालो म्हणजे तो गल्लीच्या टोकापर्यंत सोबत येई, तेथे थांबे, आणि आम्ही वळून ‘जा आता’ म्हटल्याशिवाय परत फिरत नसे.

२०२२ सालच्या दिवाळीची गोष्ट. बंगळूरहून आमची कन्या व पाच वर्षांचा नातू सुट्टीस आले होते. घरात फराळाची गडबड चालली होती. आमच्या सौभाग्यवतींनी लाडवांसाठी आणि शिऱ्यासाठी म्हणून अर्धा किलो बेदाणे निवडून एका ताटलीत ठेवले होते. नातवाने ओंजळ भरून खाण्यास सुरुवात केली, तेव्हा मोत्या उंबऱ्याबाहेर बसून त्याच्या तोंडाकडे पाहत होता. आम्ही आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचीत होतो. मान वर न करताच आम्ही म्हणालो, “सणाचं आहे, त्यालाही दे थोडं.” आणि ताटली आम्हीच आमच्या हाताने पोराच्या हाती दिली. पोराचे ‘थोडे’ किती असते, हे तीस वर्षे मुलांत काढलेल्या माणसास ठाऊक असावयास हवे होते. दोघांनी मिळून ताटली निम्मी केली. त्यातही मोठा वाटा मोत्याचा होता.

त्या रात्री मोत्यास दोन वेळा उलटी झाली. सकाळी तो उठला नाही. शेजारचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, कुत्रं हाय ते. पोट रिकामं झालं की आपोआप बरं हुतंय.” आम्हांसही तेच पटले, कारण तेच सोयीचे होते. घरात पाहुणे होते, अभ्यंगस्नाने व्हावयाची होती, लक्ष्मीपूजन तोंडावर होते. आम्ही त्याच्यापुढे तूपभाताची वाटी ठेवली. त्याने तिकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या लक्षात आले की, तो उठून अंगणाबाहेर जात नाही, कारण त्याला लघवीच होत नाही. तेव्हा कुठे आम्ही रिक्षा बोलावली.

बेळगावात आमचा एक जुना विद्यार्थी पशुवैद्य आहे. त्याने मोत्यास तपासले, रक्त काढून घेतले, सलाईन लावले आणि आम्हांस बाजूस नेऊन विचारले, “सर, यानं काय खाल्लं?” आम्ही लाडू, शिरा, करंजी असे आठवून सांगू लागलो. बेदाणे हा शब्द आमच्या तोंडून सर्वांत शेवटी आला, आणि तो ऐकताच त्याचा चेहरा उतरला. “सर, पहिल्याच दिवशी आणायला पाहिजे होतं,” एवढेच तो म्हणाला. ज्याला आम्ही इयत्ता चौथीत शुद्धलेखन घातले होते, त्याच्यापुढे त्या दिवशी आम्ही खाली मान घालून उभे होतो. भाऊबीजेच्या पहाटे मोत्या गेला.

त्यानंतर या विषयावर जे जे वाचावयास मिळाले ते आम्ही वाचले, आणि त्या विद्यार्थ्यास वेळोवेळी विचारून पक्के करून घेतले. त्यातील सार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही फार जुन्या काळापासून माहीत नव्हती. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील पशु-विषबाधा केंद्राच्या नोंदी चाळताना ती प्रथम ध्यानात आली. द्राक्षांत नेमके विष कोणते, याचा उलगडा त्यानंतरही कित्येक वर्षे होत नव्हता. २०२१ साली तेथील पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखविले. हे आम्ल द्राक्षांत पुष्कळ असते, आणि त्याचे प्रमाण द्राक्षाच्या जातीवर व पिकलेपणावर अवलंबून असते. म्हणूनच एखादे कुत्रे मूठभर बेदाणे खाऊनही ठणठणीत राहते, आणि दुसरे थोडक्यातच दगावते. ‘आमच्या कुत्र्याने खाल्ले होते, त्याला काही झाले नाही’ या दाखल्याचा म्हणूनच काही उपयोग नाही. द्राक्ष सुकून बेदाणा झाला की पाणी उडून जाते आणि बाकीचे सारे एकवटते. त्यामुळे बेदाणा अधिक वाईट. आमच्या एका बाजूस तासगाव-सांगली आणि दुसऱ्या बाजूस विजापूर, असा हा सगळा बेदाण्यांचा मुलूख. आमच्या शिऱ्यात, खिरीत, चिवड्यात, बुंदीच्या लाडवात तो असल्याशिवाय सणास शोभा येत नाही. मायेने पुढे केलेला प्रत्येक घास म्हणूनच आमच्या भागात अधिक जोखमीचा.

हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. चिंच खाल्ल्यानंतर कुत्र्याच्या मूत्रपिंडास इजा झाल्याची नोंद २०२२ साली पशुवैद्यकाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली. परदेशी पुस्तकांत कुत्र्यास वर्ज्य पदार्थांची यादी असते, तीत चिंचगुळाच्या आमटीचे नाव नसते, कारण ती पुस्तके लिहिणाऱ्यांच्या घरी चिंचगुळाची आमटी नसते. ती यादी आपली आपणच पुरी केली पाहिजे.

दुसरा शत्रू कांदा आणि त्याचा धाकटा भाऊ लसूण. या दोहोंतील गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात. कांदा कच्चा असो, तळलेला असो, वाटणात असो, वा भुकटी करून मसाल्यात घातलेला असो. शिजविल्याने हा दोष जात नाही. १० किलो वजनाच्या कुत्र्यास मध्यम आकाराचे दोन-तीन कांदे अपायकारक होण्यास पुरेसे, आणि लसूण त्याहून जहाल. यातली फसवी गोष्ट अशी की, परिणाम लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी कुत्रे मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर वा काळसर होते, आणि तोवर घरातील माणसे रविवारचा रस्सा विसरून गेलेली असतात.

तिसरा पदार्थ आमच्या बालपणी घरात नव्हता, तो चॉकलेट. आता दिवाळीच्या भेटीदाखल त्याच्या रंगीत पेट्या येतात आणि मुलांच्या हाताशी पडून राहतात. चॉकलेटात थिओब्रोमिन नावाचे द्रव्य असते. माणसाचे शरीर ते काही तासांत पचवून टाकते. कुत्र्याच्या शरीरातून त्यातील निम्मे जावयास १७-१८ तास लागतात. मग छाती धडधडते, अंग थरथरते, झटके येतात. चॉकलेट जितके काळे व कडू, तितके ते घातक. १० किलोच्या कुत्र्यास काळ्या चॉकलेटची ३०-४० ग्रॅमची एक वडीदेखील त्रास देऊ शकते. चहा-कॉफी हीदेखील त्याच कुळातली.

चौथा शत्रू मधुमेहाच्या वाटेने घरात शिरला आहे. बिनसाखरेच्या काही गोळ्यांत, मिठाईंत आणि चघळावयाच्या डिंकांत झायलिटॉल नावाची गोडी घातलेली असते. माणसास ती निरुपद्रवी. परंतु कुत्र्याच्या शरीरास वाटते की साखरच आली, आणि ते भराभर इन्सुलिन सोडू लागते. अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर कोसळून कुत्रे झोकांड्या खाऊ लागते. मात्रा अधिक झाल्यास यकृत जाते. १० किलोच्या कुत्र्यास एक ग्रॅम एवढेही पुरे. आजोबांसाठी आणलेला पुडा आजोबांच्याच कपाटात राहावा, हे बरे.

तूप-तेलाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण येथे आपली परंपरा आडवी येते. एका कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा ‘कोरडी खाऊ नका’ म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आपणां सर्वांस ठाऊक आहेत. त्या कथेतील भावापुढे आमचे मस्तक नमते. सर्व भूतांत एकच पाहावयाचा, हा तिचा अर्थ. परंतु अर्थ सोडून वाटीच हाती धरली, तर घोटाळा होतो. तळणीचा गाळ, मटणाची चरबी, तुपाने थबथबलेल्या पोळ्या एकदम पोटात गेल्या, तर कुत्र्याच्या स्वादुपिंडास दाह सुटतो. पोट दुखून ते पाठ वाकवून उभे राहते, अन्न टाकते, आणि कित्येकदा मरतेही. ‘कुत्र्याला खीर पचत नाही’ असे आपण माणसास हिणविण्यासाठी म्हणतो. पण ज्याने ती म्हण प्रथम उच्चारली, त्याने कुत्रे नीट पाहिले होते, असे आम्हांस आता वाटते.

खाल्ल्या मिठाला जागणारा प्राणी म्हणून आपण त्याची थोरवी गातो. स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाबरोबर गेला तो श्वानच, आणि त्यास सोडून आत जाणार नाही, असे धर्मराज म्हणाला. दत्तप्रभूंच्या पायाशी चार श्वान आहेत; खंडोबाच्या संगतीस श्वान आहे. एवढा मान दिलेल्या प्राण्याच्या वाट्यास आपण प्रत्यक्षात काय ठेवतो? पंगत उठल्यानंतर उरलेले खरकटे. त्यात खारटपणा आपल्या जिभेचा, तिखट आपल्या जिभेचे, आणि हाडे आपल्या दातांनी सोडलेली.

आमच्या आजीच्या घरी हे असे नव्हते, हे आम्हांस आठवते. वैश्वदेव होत असे, आणि जेवणास बसण्यापूर्वी शिजलेल्या साध्या भातातून गायीचा, कावळ्याचा, कुत्र्याचा वाटा बाहेर काढून ठेवला जाई. ज्या घरी वैश्वदेव नव्हता, त्या कष्टकऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापून झाल्या की उरल्या पिठाची एक लहान चानकी कुत्र्याच्या नावाने तव्यावर पडे. दोन्हींत गोष्ट एकच होती. कुत्र्याचा वाटा आधी काढलेला असे, वेगळा असे, आणि साधा असे. तो उष्ट्यातला नव्हता. धर्म म्हणून जे चालत होते, ते आरोग्य म्हणूनही बरोबरच होते. पुढे वैश्वदेव गेला, चूल गेली, चानकी गेली. कुत्रे मात्र दाराशी तसेच राहिले, आणि त्याचा वाटा ताटाच्या सुरुवातीकडून ताटाच्या शेवटाकडे सरकला. आमच्या मते सगळी चूक या सरकण्यात आहे.

साध्या भाकरीला शास्त्राचाही आधार आहे. २०१३ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रा व लांडगा यांच्या जनुकांची तुलना करून दाखविले की, पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक आहे. शेती करू लागलेल्या माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे राहून त्याने ती कमावली. म्हणजे आपल्या भाकरीचा तुकडा त्याच्या रक्तात उतरला आहे. बेदाणा, कांदा आणि चॉकलेट मात्र उतरलेले नाहीत. आमच्या गावावरून जाणारा रस्ता ज्या बागलकोट जिल्ह्यात जातो, तेथील मुधोळचे सडपातळ शिकारी कुत्रे सर्वत्र प्रसिद्ध आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीस ऊर्जितावस्था आणली, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले. वाऱ्याशी पैज घेणारे हे कुत्रे वाढले ते शेतकऱ्यांच्या दाराशी, त्यांच्याच साध्या अन्नावर, मेजवान्यांवर नव्हे.

आता आमच्या भागातील यात्रांविषयी. बेळगाव परिसरातील गावांत महालक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांच्या अंतराने भरते, आणि भरते तेव्हा सारे गाव पाहुण्यांनी ओसंडते. कोणाच्याही घरी गेले तरी जेवल्याशिवाय सुटका नसते. तिखट रश्श्याची पातेली दिवसभर उतरत असतात. ही आमची रीत आहे आणि तिचा आम्हांस अभिमान आहे. परंतु पंगती उठल्यावर गल्लीच्या कोपऱ्यावर पत्रावळी, द्रोण, प्लास्टिकचे पेले आणि हाडे यांचा ढीग पडतो, आणि दहा-पंधरा कुत्री त्यावर तुटून पडतात. शिजलेले हाड ठिसूळ होते. ते दाताखाली फुटून त्याच्या सुयांसारख्या चिरफळ्या होतात, आणि त्या घशात रुततात वा आतडे भोसकतात. रस्सा लागलेले प्लास्टिक ते अन्न समजूनच गिळतात. आंब्याच्या दिवसांत कोय, पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा बुरकुंडा यांचीही तीच गत. ते आतड्यात अडकून बसतात आणि शस्त्रक्रियेवाचून निघत नाहीत. निपाणी भागातील वाचकांस आणखी एक सांगावेसे वाटते. जेवणानंतर खाल्लेल्या पानतंबाखूचे चोथे आणि पुड्या उष्ट्या पत्रावळीतच टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. तंबाखूतील निकोटिन कुत्र्यास विषासारखे आहे. माणसाविषयी आम्ही येथे बोलत नाही; ते दुसऱ्या लेखाचे काम.

शाळेतही आम्हांस हाच धडा नव्याने गिरवावा लागला. कर्नाटकातील सरकारी शाळांतून ‘अक्षर दासोह’ योजनेखाली मुलांस दुपारचे जेवण मिळते. भात आणि सांबार हे त्यातले नेहमीचे अन्न. जेवणे झाली की मुले ताटातला उरलेला सांबारभात फाटकाबाहेरच्या कुत्र्यांस घालीत, आणि आम्ही वर्षानुवर्षे ‘भूतदया’ म्हणून त्यांची पाठ थोपटीत आलो. सांबारात कांदा असतो आणि चिंचही असते, हे आमच्या डोक्यात आले नव्हते. एका घासाने कुत्रे मरत नाही, हे खरे; पण रोजच्या घासाचा हिशेब कोण ठेवतो? आता स्वयंपाक करणाऱ्या ताई सांबार वाढण्यापूर्वी मूठभर कोरडा भात एका टोपल्यात काढून ठेवतात, आणि पाळीने एक शिक्षक तो फाटकाबाहेर नेऊन ठेवतो. मुलांनी कुत्र्यांच्या घोळक्यात जाऊ नये, हेही त्याने साधते. आश्चर्य असे की, मुलांनी हा नियम आमच्यापेक्षा लवकर उचलला. एका चिमुरडीने घरी जाऊन आजीस सांगितले, “आधी काढून ठेव, नंतर फोडणी घाल.” पशुवैद्यकाचे सारे पुस्तक त्या एका वाक्यात आले, असे आम्हांस वाटले.

तेव्हा या सणास आपण काय करावे? फोडणी, मीठ, मसाला आणि तूप यांच्यापूर्वी कुत्र्याचा वाटा बाजूस काढावा. साधा भात, भाकरी वा पोळीचा कोरडा तुकडा, उकडलेले अंडे, उकडलेला लाल भोपळा वा गाजर, मांसाहारी घरांत हाडे व चरबी काढून नुसते पाण्यात उकडलेले मांस, यांतले जे घरात असेल ते चालते. पुरण घालणाऱ्या घरी गूळ व जायफळ पडण्यापूर्वीची शिजलेली चणाडाळ चमचाभर दिल्यास सणही साजरा होतो आणि पोटही बिघडत नाही. कुंदा, बासुंदी, लाडू यांच्या वाटेस जाऊ देऊ नये. फराळाचे डबे झाकून उंचावर ठेवावे. लाडवाचा वास कुत्र्यास आपल्याआधी लागतो. घरी पाहुणे येताच त्यांस हात जोडून सांगावे की, याला ताटातले काही घालू नका. पाहुण्यास वाईट वाटेल, ही भीती बाळगू नये. पाहुणा चार दिवसांनी जातो. निस्तरावयाचे आपणांस असते. आणि मुलांच्या हाती कुत्र्याचे खाणे द्यावयाचे, तर ते मोजून, आपल्या डोळ्यांदेखत द्यावे.

एवढे करूनही एखादे वेळी चूक होतेच. तशी ती झाल्यास काय खाल्ले, किती खाल्ले आणि किती वाजता खाल्ले, हे कागदावर टिपावे, वेष्टन असल्यास जपून ठेवावे, आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे. बेदाणे पोटात गेल्यावर पहिले काही तास मोलाचे असतात. त्या वेळात पोट रिकामे करता येते आणि सलाईन लावून मूत्रपिंडे वाचविता येतात. मागाहून सारेच अवघड होते. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजण्याची जुनी रीत आहे, ती मुळीच करू नये; जास्तीचे मीठ हे स्वतःच विष ठरते. तूप, तेल, ताक, राख हे उपायही टाळावे. उलटी करवावयाची की नाही, हे वैद्याने ठरवावयाचे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे आणि सणाच्या दिवशी तो किती वाजेपर्यंत उघडा असतो, याची चौकशी दिवाळीच्या आधीच करून ठेवावी. पुष्कळ राज्यांत पशुसेवेसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला आहे. आपल्या राज्यात तो चालतो का आणि घरच्या कुत्र्यासाठी त्याचा उपयोग होतो का, हेही विचारून घ्यावे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकाणी राहणाऱ्या आमच्या वाचकांस ही चौकशी आमच्यापेक्षा सोपी आहे.

यावर कोणी म्हणेल की, गावात माणसांच्या औषधपाण्याची भ्रांत असताना कुत्र्याच्या पथ्याचे हे कौतुक कशास? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच की, यात खर्च काही नाही. मूठभर भात आधी काढावयाचा की नंतर, एवढाच फरक आहे. दया नंतर करावयाची म्हटले की ती खरकट्याची होते. आधी केली की ती घासाची होते.

आमच्या ओट्यावर आता एक पांढरी कुत्री येते. तिला आम्ही अजून नाव ठेवलेले नाही. सौभाग्यवती रोज पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचा चतकोर मोडून बाजूस ठेवतात, आणि मगच आमचे ताट वाढतात. नातू आता आठ वर्षांचा झाला आहे. बंगळुरात त्याची शाळा इंग्रजी. पण सुट्टीत तो आजीपाशी बसून मराठी अक्षरे लावू लागला आहे. मोत्या मळ्यात राहावयास गेला, असे आम्ही त्यास त्या भाऊबीजेस सांगितले होते. ते खोटे होते, आणि मुलांस खोटे न बोलण्याचा धडा देणाऱ्या माणसाच्या तोंडी ते शोभणारे नव्हते. पुढे कधी हे जुने मासिक त्याच्या हाती आले, आणि हे पान वाचण्याइतके मराठी त्याला येऊ लागले असले, तर त्याने एवढे जाणावे की, चूक त्याची नव्हती. ताटली त्याच्या हाती देणारे आम्ही होतो.

सर्व वाचकांस, आणि त्यांच्या उंबऱ्याबाहेर बसून वाट पाहणाऱ्यांस, ही दीपावली सुखाची जावो.